दारू सोडली की सुटली? देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांबद्दल कॅथलिक शिकवण नेमकी काय?

कुडचडेचा_दुकानदार

कुडचडे बाजारात माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा लहानपणापासूनचा मित्र. सुतारकाम करतो, सगळे त्याला मेस्त म्हणतात. कॅथलिक आहे.

मेस्त वीस वर्षं प्यायचा. शेवटी शेवटी स्क्रू मोजून घेताना हात इतके थरथरायचे की मीच मोजून पुडी बांधून द्यायचो. २०१८ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो दुकानात आला, दिवसाची हजेरी, आठशे रुपये, गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाला, "हे तुझ्याकडे राहूदे. मी मागितले तरी देऊ नकोस. सकाळी बायको येऊन नेईल." मी एका वहीत तारीख आणि रक्कम लिहायला लागलो. सात आठवडे हे चाललं. दोन संध्याकाळी तो आला नाही, त्या दोन ओळी कोऱ्या आहेत. एकदा रात्री नऊ वाजता येऊन शटरवर थापा मारल्या, पैसे मागितले. मी दिले नाहीत. शिव्या दिल्या, मग पायरीवर बसून रडला. मीही शेजारी बसून राहिलो. नोव्हेंबरअखेरीस आईला घेऊन तो जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेनाला (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) जायला लागला, आणि ३ डिसेंबरच्या फेस्तापासून, म्हणजे सणापासून, आजपर्यंत त्याने थेंब घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं. रोसच्या, म्हणजे लग्नाआधी नारळाचा रस लावायच्या, दिवशी कुणीतरी विचारलं, मेस्ता, कशी रे सोडलीस? तो म्हणाला, "हांवें सोडूंक ना. सुटलो तो. देवाची कुर्पा." म्हणजे, मी सोडली नाही, ती सुटली, देवाची कृपा.

मला ते लागलं. माझं नाव घेतलं नाही म्हणून नव्हे, शपथ. त्याने स्वतःचंही नाव घेतलं नाही म्हणून. ती सात आठवड्यांची झटापट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती वही अजून माझ्या खणात आहे. त्या माणसाने काहीच केलं नाही?

आणि दुसरी गोष्ट, जी मी त्याला विचारू शकत नाही. माझा धाकटा भाऊ २०११ मध्ये लिव्हर खराब होऊन गेला, अडतीस वर्षांचा. त्यानेही सोडायचा प्रयत्न केला होता. त्याच्यासाठी मी वही ठेवली नव्हती. मेस्तावर कृपा झाली, तर माझ्या भावावर का झाली नाही?

ओळखीच्या दोन कॅथलिकांना विचारलं. एक म्हणाला, सगळं देवाचंच, सोडायची इच्छासुद्धा. दुसरा म्हणाला, देवाने माणसाला मोकळीक दिली आहे, पुढचं माणसाच्या हातात. यातलं चर्चचं मत कुठलं?


तेरेखोलच्या_काठावरून

दादा, मी कॅथलिक नाही, पण हा वाद आपल्याकडेही आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये याच्यावरून दोन पंथ पडले. एक म्हणतो, भक्त माकडाच्या पिल्लासारखा: आई उडी मारते, पण पिल्लाने तिच्या पोटाला घट्ट धरायला हवं. दुसरा म्हणतो, मांजराच्या पिल्लासारखा: ते काहीच करत नाही, आईच मानगूट तोंडात धरून नेते. तुमचा मेस्त मांजरवाला दिसतो आणि तुम्ही माकडवाले. आमच्या घरात आजी मांजरवाली होती, आजोबा माकडवाले. कॅथलिकांमध्ये काय ठरलं हे मलाही वाचायला आवडेल.


वसईकर_मास्तर

दादा, तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. मी मूळचा वसईचा, घरी मराठीच. धर्मगुरू व्हायचं म्हणून पाच वर्षं सेमिनरीत होतो, मग बाहेर पडलो. गेली एकोणीस वर्षं मडगावात मराठी शिकवतो. म्हणून उत्तरात थोडी थिऑलॉजी आणि बरंचसं व्याकरण येईल.

आधी सरळ उत्तर. तुमच्या दोन्ही ओळखीच्यांनी सांगितलं ते बरोबर आहे. पण एकाचं धरून दुसऱ्याचं सोडलं, की ते चर्चचं मत राहत नाही.

मेस्ताच्या गोष्टीत एकाच धातुकुळातली चार रूपं आहेत. सोडवत नव्हती. सोडावीशी वाटली. सोडली. सुटली. चर्चमधले सगळे मोठे वाद या चारांपैकी कुठल्या ना कुठल्या रूपावर झालेले आहेत.

"सोडवत नाही" पासून सुरू करतो, कारण वाद तिथूनच पेटला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये पेलाजियस नावाचा ब्रिटनहून आलेला एक विरक्त माणूस होता. वाईट माणूस नव्हता, उलट फार कडक आचरणाचा. उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टिन यांची एक प्रार्थना त्याच्या कानावर पडली: तू जे करायला सांगतोस ते करण्याचं बळ तूच दे, मग हवं ते सांग. ती ऐकून तो संतापला. देवाने आज्ञा केली म्हणजे माणसाला ती पाळता येतेच, नाहीतर आज्ञेला अर्थ काय? त्याच्या व्याकरणात "सोडवत नाही" हे रूपच नव्हतं. सोड म्हटलं की सोडता यायलाच हवी. ऑगस्टिन मात्र स्वतः त्या रूपात कित्येक वर्षं जगला होता. वाट बदलायची त्याला मनापासून इच्छा होती आणि बदलवत नव्हती. तुमच्या पायरीवर बसून रडणाऱ्या माणसाला ऑगस्टिनने लगेच ओळखलं असतं. ४१८ मध्ये कार्थेजला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पेलाजियसचं मत नाकारलं.

मग दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, काही साधूंनी मधली वाट काढली: सुरुवात माणसाने करावी, पुढे देव हात देतो. ऐकायला रास्त वाटतं, आपल्यातले पुष्कळ जण आजही असंच बोलतात. ५२९ मध्ये ऑरेंजच्या दुसऱ्या परिषदेने तेही नाकारलं. पहिली इच्छासुद्धा देणगीच आहे, असं ती परिषद म्हणते. वर्गात "वाटणे" हे क्रियापद शिकवताना मला दर वर्षी हे आठवतं. इच्छा सांगताना मराठीत "मी वाटलो" असं कुणी म्हणत नाही. मला वाटलं, मला सोडावीशी वाटली. इच्छा माझीच असते, तरी वाक्यात मी कर्ता नसतो, ती माझ्याकडे येते. त्याच परिषदेने असंही बजावलं की देव कुणालाही वाईटासाठी नेमून ठेवत नाही. हे लक्षात ठेवा, भावाबद्दल बोलताना लागेल.

आता "सोडली". प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरनंतर प्रश्न उलट्या बाजूने आला: सगळं कृपाच करते, तर माणूस नुसता ओंडका का? ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ ला उत्तर दिलं. देव हृदयाला स्पर्श करतो तेव्हा माणूस काहीच करत नाही असं नाही, कारण तो स्पर्श त्याला झिडकारताही येतो. पण त्या कृपेवाचून नुसत्या आपल्या इच्छेच्या बळावर त्याला पाऊलही टाकता येत नाही. वरती तेरेखोलच्या मित्राने दिलेला दाखला घेतला तर मांजराच्या पिल्लालाही अंग आक्रसून आईच्या तोंडातून निसटता येतं, आणि ते निसटलं नाही ही त्याचीही गोष्ट आहे. माकडाच्या पिल्लाचंही तसंच: घट्ट धरलं तरी उडी आईचीच. पेलाजियसचं पिल्लू एकटंच उड्या मारत होतं, म्हणून तो या दोन्हींत बसत नाही.

म्हणजे मेस्ताने आठशे रुपये गल्ल्यावर ठेवले ते खरोखर त्यानेच ठेवले. तुमची वही खोटी नाही. चर्च तुमच्या बाजूने आहे.

मग तो "सुटली" का म्हणतो? दोन्ही एकदम खरं कसं? इथे जे भांडण झालं ते मला सगळ्यांत प्रिय आहे. दोन्ही बाजूंना कॅथलिकच, दोन्हीकडे विद्वान आणि भाविक माणसं. लुईस दे मोलिना हा जेझुइट संघाचा स्पॅनिश धर्मगुरू, पोर्तुगालमध्ये एव्होरा इथे शिकवायचा. १५८८ मध्ये लिस्बनला त्याचा ग्रंथ निघाला. समोर उभा राहिला दोमिंगो बान्येस, सालामांकाचा, डॉमिनिकन संघाचा, आविलाच्या संत तेरेसाचा कन्फेसर, म्हणजे तिची पापकबुली ऐकणारा धर्मगुरू.

बान्येसची बाजू मुलांना मी प्रयोजक क्रियापदाने समजावीन. आई बाळाला चालवते. चालतं कोण? बाळ. पाय कुणाचे? बाळाचे. तरी चालवते आई. देव इच्छेला आतून हलवतो आणि तिच्या स्वभावाला धरूनच, म्हणजे मोकळेपणानेच हलवतो. मोलिना विचारतो: आईने चालवल्यावर बाळाला खाली बसणं शक्यच नसेल, तर त्याला मोकळं कसं म्हणायचं? त्याचं उत्तर वेगळं. आई बाळाला पुरती ओळखते. कुठल्या वेळी, कुठून, कशी हाक मारली तर ते आपणहून उठून येईल हे तिला आधीच ठाऊक असतं, आणि ती तशी हाक मारते. कुठल्या परिस्थितीत कोण मोकळेपणाने काय करील हे देव जाणतो. या जाणण्याला मोलिनाने "मधलं ज्ञान" म्हटलं.

भांडण इतकं वाढलं की पोप आठवे क्लेमेंट यांनी १५९८ मध्ये रोममध्ये चौकशी बसवली. ती चालू असतानाच ते वारले. शेवटी २८ ऑगस्ट १६०७ ला, नेमका संत ऑगस्टिनचा सण, पोप पाचव्या पॉल यांनी सांगितलं की दोघांनी आपापलं मत ठेवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये, निकाल योग्य वेळी दिला जाईल. तो निकाल अजून दिलेला नाही. माझ्या मते चर्चने केलेल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी ही एक आहे.

पुढच्या वेळी मेस्ताबरोबर जुन्या गोव्याला गेलात तर सायबाच्या बॉम जेझूस चर्चवरून मोन्त सांताची टेकडी चढा. खालचं बॉम जेझूस जेझुइटांचं. १६०५ मध्ये, रोममधली चौकशी चालू असताना, ते अभिषिक्त केलं आर्चबिशप मेनेझिस यांनी, जे स्वतः ऑगस्टिनियन संघाचे होते. टेकडीवर ऑगस्टिनियनांच्या चर्चचे अवशेष आहेत, तो उंच पडका बुरूज तुम्ही पाहिला असेलच. त्या चर्चचं नाव काय होतं माहीत आहे? नोसा सेन्योरा दा ग्रासा. कृपेची माता. डॉमिनिकनही १५४८ पासून त्याच शहरात होते. मराठीत लिहिणारे इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स तेव्हा गोव्यातल्या साष्टीत होते. त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं, रोमच्या त्या न दिलेल्या निकालानंतर नऊ वर्षांनी.

मी सेमिनरीत मोलिनाच्या बाजूचा होतो. आता वाटतं की "देवाला किती, माणसाला किती" अशी वाटणी करायला बसलो की तिथेच चुकतो. तुमचं दुखणंही मला त्या वाटणीतूनच आलेलं दिसतं. मेस्ताने देवाच्या नावे जमा लिहिलं म्हणून तुम्हाला त्याच्या स्वतःच्या नावे खर्च पडलेला दिसला. ही दोन खाती एकाच वहीतली नाहीत. बायबलमध्ये फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलाने एकाच वाक्यात लिहिलं आहे की भीत, कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. "पण" नाही वापरलेलं, "कारण" वापरलेलं आहे.

भावाबद्दल. इथे मोलिना आणि बान्येस दोघेही अडखळतात, हे मी लपवणार नाही. बान्येसला विचारलं तर: देव हलवू शकत होता, मग का हलवलं नाही? मोलिनाला विचारलं तर: तो उठून येईल अशी हाक देवाला ठाऊक असेल, तर तशी का मारली नाही? मला याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही. पण एक दार चर्चने पक्कं बंद केलं आहे. ईप्रचे बिशप यान्सेन यांचा ऑगस्टिनवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाला. १६५३ मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी त्या मताची पाच विधानं धिक्कारली. त्यांतलं एक असं होतं की ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला असं म्हणणं चूक आहे. म्हणजे "तुमच्या भावाला कृपा मिळालीच नाही" हे वाक्य बोलण्याची कॅथलिकाला मुभाच नाही. तो सोडायचा प्रयत्न करत होता असं तुम्हीच लिहिलंय. त्याला सोडावीशी वाटत होती. ते वाटणं कुठून येतं हे ५२९ मध्येच सांगून झालं आहे.

आणि वही ठेवली नाही हे वाक्य मला तुमच्या प्रश्नात सगळ्यांत जास्त खुपलं. पैसे तुमच्याकडे ठेवायची कल्पना मेस्ताची होती, तो आला आणि मग तुम्ही वहीत लिहिलंत. भाऊ तसा आला नाही. यात तुमचा गुन्हा मला दिसत नाही.


आजचा_दिवस

मास्तरांइतकं मला माहीत नाही. मी म्हापशाजवळचा, नऊ वर्षं झाली, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. मेस्त "सुटली" का म्हणतो ते आमच्या बाजूने सांगतो.

पहिल्या पायरीत आम्ही कबूल करतो की दारूपुढे आमचं काही चालत नाही. तिसऱ्या पायरीत आम्ही ठरवतो की आपली इच्छा देवाच्या हाती द्यायची. बघा, ठरवतो आम्हीच. तरी "मी सोडली" म्हणायला आम्ही घाबरतो. ज्या दिवशी वाटतं की मी सोडली, त्याच दिवशी वाटायला लागतं की एक घेऊन पाहतो, परत सोडीन की. मी तसा दोनदा पडलो आहे, एकदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणि एकदा उर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत. मेस्त तुमची मेहनत विसरला असेल असं मला वाटत नाही. कुणी रात्री नऊला शटरवर पैसे नाकारले, हे आमच्यापैकी कुणीच विसरत नाही.


कुडचडेचा_दुकानदार

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. "कारण" वापरलंय, "पण" नाही, हे ती दोनदा म्हणाली.

काल दुपारी मेस्त चौकटीच्या कामाच्या बिजागऱ्या न्यायला आला होता. खणातून वही काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याला ती अजून आहे हे माहीतच नव्हतं. सावकाश सगळी पानं उलटली. कोऱ्या ओळींवर बोट ठेवून म्हणाला, या दोन दिवशी मी प्यालो होतो, आणि तिसऱ्या दिवशी तू काही न विचारता पुढची ओळ लिहिलीस. मग म्हणाला, "कुर्पा म्हणजे आनीक कितें?" कृपा म्हणजे आणखी काय? मी रोसच्या दिवशी काय लागलं ते सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, मी मेहनत केली हे मला ठाऊक आहे रे, पण तेवढी मेहनत मी आधी पंधरा वेळा केली होती.

भावाचं मी काढलं नव्हतं. त्यानेच काढलं. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आपल्या घरच्यांबरोबर तो माझ्या भावाचंही नाव मिसला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, देतो. २०११ पासून. म्हणजे स्वतः पीत होता तेव्हापासून. मला कधी बोलला नव्हता.

मास्तर, एक विचारतो. भाऊ गेला तो गेला. आज केलेली प्रार्थना त्याला कशी पोचणार? आणि तो हिंदू होता, चालतं का?


वसईकर_मास्तर

चालतं. चर्च सगळ्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतं, बाप्तिस्मा झालेल्यांपुरतीच नाही. संतांची यादी चर्चने केली आहे, पण अमुक माणूस नरकात गेला असं आजवर एकाही माणसाचं नाव घेऊन सांगितलेलं नाही. व्यसनाबद्दल म्हणाल तर सवयीने माणसाची जबाबदारी कमी होते, हे चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथातच लिहिलं आहे.

पोचते कशी, याबद्दल: देवाला २०११ आणि आज असं एकामागून एक दिसत नाही, सगळं एकदम समोर असतं, असं मध्ययुगातला मोठा धर्मपंडित थॉमस अक्वायनस शिकवतो. तेव्हा मेस्ताची आजची प्रार्थना भावाच्या शेवटच्या रात्री मोजलेली असू शकते. सेमिनरीत हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. २०१६ मध्ये माझे वडील अचानक गेले, मी वसईला पोचायच्या आत, तेव्हा पहिल्यांदा त्याचा आधार घेतला.

२ नोव्हेंबरला सकाळी दुकान जरा उशिरा उघडा आणि मेस्ताबरोबर जा. मिस कोकणीत असेल, तुम्हाला सगळी कळेल. नावं वाचतात तेव्हा भावाचं नाव नीट पूर्ण वाचलं जावं म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आदल्या दिवशीच मेस्ताकडे द्या.